बीव्हरचं धरण नैसर्गिक, मग आपला धर्म?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त एकाच विषयावर होती, धर्म नैसर्गिक आहे की माणसानं बनवलेला, कुणी चिडून लिहिलेली, कुणी मजेत, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत आणि इथं एवढंच घेतलंय. पहिलं पत्र मुद्दाम जवळजवळ जसंच्या तसं देतोय, कारण हा वाद बऱ्याच घरांत असाच होतो.

प्रश्न : परवा मेव्हण्याशी जोरदार वाजलं. तो म्हणतो धर्म ही माणसानं बनवलेली भानगड, निसर्गात कुठं धर्म असतो का, वाघ कधी प्रार्थना करतो का, म्हणजे धर्म अनैसर्गिक, विषय संपला. मी म्हटलं अरे माणूसच निसर्गातून आलाय ना, मग तो जे काय करेल ते नैसर्गिकच. त्यावर तो हसून म्हणाला, मग अणुभट्टी आणि प्लास्टिक पण नैसर्गिक धरू का? मला काही सुचलं नाही, सगळे हसले, आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. बरोबर कोण?

उत्तर : दोघंही, आणि म्हणूनच तुमचं भांडण मिटत नाहीये. शब्द एकच आणि अर्थ दोन, असा प्रकार आहे. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञानं निसर्ग या शब्दावरच एक अख्खा निबंध लिहून ठेवलाय, तो छापला गेला १८७४ मध्ये, तो वारल्यावर एका वर्षानं. त्यात तो हीच गाठ सोडवत बसलाय. त्याचं म्हणणं असं की निसर्ग म्हणजे एकतर जे जे काही आहे आणि घडतं ते सगळं, माणसासकट, किंवा मग माणसाचा हात न लागता जे घडतं तेवढंच.

आता पहिला अर्थ घेतला की तुम्ही जिंकलात, पण असे जिंकलात की हातात काही उरलं नाही. सगळंच नैसर्गिक असेल तर अमुक एक गोष्ट नैसर्गिक आहे असं सांगून तुम्ही नवीन काय सांगितलं? दुसरा अर्थ घेतला की मेव्हणा जिंकला, पण त्यानंही सिद्ध काहीच केलं नाही, फक्त व्याख्या परत वाचून दाखवली. माणसाचा हात लागला तर नैसर्गिक नाही असं आधीच ठरवून टाकल्यावर धर्म काय, भाषा काय, लग्न काय, शिवलेला सदरा काय, सगळं आपोआप बाहेर.

अणुभट्टीचं मात्र त्याला नक्की ऐकवा, कारण ते उदाहरण त्याच्यावरच उलटतं. माणसानं पहिली अणुभट्टी चालवली २ डिसेंबर १९४२ ला, शिकागोत. आता याहून माणसाळलेली, म्हणजे माणसाशिवाय होऊच शकत नाही अशी गोष्ट कुठली असेल, असं आपल्याला वाटतं. पण १९७२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की आफ्रिकेतल्या गॅबनमधल्या ओक्लो या ठिकाणच्या खनिजात युरेनियमचा एक प्रकार असायला हवा त्यापेक्षा किंचित कमी आहे, म्हणजे तो आधीच कुठंतरी वापरला गेलाय. शोधत गेल्यावर कळलं की १७० ते २०० कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात तिथं आपोआप अणुभट्ट्या चालल्या होत्या. पाणी झिरपलं की अणू फुटण्याची साखळी सुरू व्हायची, उष्णतेनं पाणी उकळून गेलं की बंद पडायची, थंड झालं की परत पाणी झिरपायचं. अर्धा तास चालू, अडीच तास बंद, असा त्यातल्या एका भट्टीचा हिशोबसुद्धा नंतर लावला गेला. माणूस सोडा, तेव्हा साधी गोगलगायही नव्हती. म्हणजे ओक्लोची भट्टी नैसर्गिक आणि शिकागोची अनैसर्गिक, आणि आतलं भौतिकशास्त्र दोन्हीकडे तेच. फरक एवढाच की एक कुणीतरी ठरवून केली.

मग ठरवून करणं हाच निकष धरायचा का? धरून बघू. बीव्हर हा उंदराच्या कुळातला, पाण्याकाठी राहणारा प्राणी, तो काटक्या-चिखलाचं धरण बांधतो हे तुम्हाला माहीत असेल. कॅनडातल्या वुड बफेलो नॅशनल पार्कमधलं एक धरण पाऊण किलोमीटरपेक्षा लांब आहे, सॅटेलाइटच्या फोटोत सापडलंय ते. पण बीव्हर ठरवून वगैरे काही करत नाही असं दिसतं. स्वीडनमधल्या एका अभ्यासकानं वाहत्या पाण्याचा नुसता आवाज स्पीकरवर वाजवला, तर हे गडी त्या स्पीकरवर काटक्या आणि चिखल रचायला लागले! पाणी थांबवायचं नव्हतंच, खळखळ थांबवायची होती.

तर बीव्हर आतल्या आवाजावर चालतो, ठीक. पण ऑस्ट्रेलियातला सॅटिन बॉवरबर्ड हा पक्षी घ्या. याचा नर काड्यांच्या दोन भिंती समोरासमोर उभ्या करतो, मध्ये छोटीशी गल्ली, आणि दारात निळ्या वस्तू मांडतो. पिसं, फुलं आणि आता माणसांची वस्ती जवळ आल्यापासून बाटल्यांची निळी झाकणं, स्ट्रॉ, कपड्यांचे चिमटे. शेजाऱ्याच्या पसाऱ्यातून चोरूनही आणतो. झाडाचा चोथा चावून भिंतींना रंग देतो. आणि हे घरटं नाहीच, अंडी घालायला मादी वेगळं घरटं बांधते, हा सगळा थाट फक्त तिला दाखवायला. तरुण नरांना हे नीट जमत नाही, त्यांच्या भिंती वाकड्या होतात, कित्येक वर्षं सराव करतात, जुन्या नरांचं काम बघत फिरतात. म्हणजे शिकणं आलं, सजावट आली, दिखावा आला, चोरी पण आली. आणि हे सगळं आपण बिनदिक्कत नैसर्गिक म्हणतो, कारण करणारा पक्षी आहे. तेच माणसानं केलं की संस्कृती. मला तरी यात लॉजिकपेक्षा आपली स्वतःबद्दलची हौसच जास्त दिसते.

माझं मत विचाराल तर ‘नैसर्गिक आहे की नाही’ हा प्रश्नच थोडा भोंगळ आहे, त्याऐवजी ती गोष्ट माणसात येते कशी असं विचारावं. बोलणं आणि वाचणं घ्या. दोन्ही भाषाच, पण बोलायला मुलाला कुणी शिकवणी लावत नाही. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या शेवटी बहिऱ्या मुलांना शाळेत पहिल्यांदा मोठ्या संख्येनं एकत्र आणलं, शिक्षक ओठ वाचायला शिकवत बसले आणि मुलांनी मधल्या सुट्टीत हातवाऱ्यांची स्वतःची भाषा तयार केली, पुढच्या लहान मुलांनी तिला व्याकरण चढवलं. कुणी सांगितलं नव्हतं. वाचणं तसं नाही. लिपी येऊन जेमतेम पाच हजार वर्षं झाली आणि आजही प्रत्येक पोराला ती गिरवून गिरवून शिकवावी लागते, नाही शिकवली तर येत नाही.

धर्मात हे दोन्ही एकत्र आहे आणि घोळ तिथंच होतो. कुठंतरी कुणीतरी आहे, आजारपणामागे कुणाचा तरी हात असणार, मेलेलं माणूस पूर्ण गेलेलं नसणार, हे बोलण्यासारखं आहे, फारसं न शिकवता येतं. बाकी मतं, संहिता, पंथ, अधिकारी, हे वाचण्यासारखं. रॉबर्ट मॅकॉली नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं २०११ मध्ये हाच मुद्दा मांडलाय आणि त्यात एक गंमतही दाखवलीय, की धर्मशास्त्र हे विज्ञानाइतकंच मनाला जड जाणारं काम आहे.

याचा मला आवडलेला पुरावा १९९६ चा. बॅरेट आणि काइल या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं, देव कसा आहे? लोक म्हणाले सर्वत्र आहे, सगळं एकदम ऐकतो, त्याला वेळेचं बंधन नाही. मग त्याच लोकांना एक गोष्ट वाचायला दिली, त्यात एक मुलगा पाण्यात अडकतो आणि प्रार्थना करतो आणि देव तेव्हा जगाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या कुणाची तरी प्रार्थना ऐकत असतो. नंतर ही गोष्ट आठवून सांगायला लावली, तर बरेच जण असं सांगायला लागले की देवानं आधी तिकडचं काम उरकलं आणि मग इकडे लक्ष दिलं. गोष्टीत ‘आधी-मग’ असं नव्हतंच! म्हणजे तोंडाने सर्वव्यापी देव आणि मनात एका वेळी एकच फाइल बघणारा साहेब. तोंडातला देव शिकून आलेला आहे, मनातला न शिकवता आलेला.

प्रश्न : मराठीत धर्म या शब्दाचा अर्थच मुळी स्वभाव असा आहे ना? विंचवाचा धर्म डसणं, आगीचा धर्म जाळणं. मग धर्म नैसर्गिक आहे का हा प्रश्नच चुकीचा नाही का?

उत्तर : शब्दाचा मुद्दा झकास आहे, पण त्यावरून निघालेला निष्कर्ष नाही. शाळेत आपण पाण्याचे गुणधर्म पाठ केले, तिथं धर्म म्हणजे त्या वस्तूचा स्वभाव, तो ती सोडू शकत नाही. शेजारधर्म म्हणतो तेव्हा तो कर्तव्य असतो आणि कर्तव्य टाळता येतं, म्हणून तर सांगावं लागतं. आणि फॉर्मवरच्या ‘धर्म’ या रकान्यात जे लिहितो ते तिसरंच काहीतरी, ते बदलता येतं, सोडता येतं, त्यावरून मारामारी पण करता येते. विंचवाला कधी डसण्याचा उपदेश करावा लागत नाही. ज्या धर्माची शिकवण द्यावी लागते तो या अर्थानं विंचवाचा धर्म नव्हेच.

तरी भाषेत एक गोष्ट छान लपलीय. प्रकृती, संस्कृती, विकृती आणि कृत्रिम हे चारही शब्द ‘कृ’ म्हणजे करणे या एकाच धातूतून आलेत. निव्वळ शब्दांपुरतं बोलायचं तर प्रकृतीसुद्धा ‘केलेली’ आहे. इंग्रजी वळणानं नेचर आणि कल्चर दोन वेगळ्या कपाटांत ठेवायची आपल्याला सवय लागलीय, आपल्या शब्दांचं मूळ मात्र एकच. (यावरून कुणी पूर्वजांना सगळं आधीच माहीत होतं असा फॉरवर्ड तयार करू नये ही विनंती, शब्द एका धातूतून येणं हा काही शोध नाही.)

प्रश्न : तुम्ही म्हणता ते मान्य केलं तर जगातल्या सगळ्या समाजांत काही ना काही श्रद्धा सापडते, ती माणसाच्या मनात उपजतच आहे. मग जे इतकं नैसर्गिक आहे ते खोटं कसं असेल? तहान आहे म्हणजे पाणी असणारच.

उत्तर : तहानेचा दृष्टांत ऐकायला गोड आहे, पण पुरत नाही. १९४४ मध्ये हायडर आणि झिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटीशी फिल्म बनवली. एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक गोल आणि दार असलेला एक चौकोन, बास. हे आकार इकडेतिकडे सरकतात. ३४ जणींना ती दाखवून काय दिसलं ते लिहायला सांगितलं, तर फक्त एकीनं त्रिकोण सरकला, गोल आत गेला असं कोरडं लिहिलं. बाकीच्यांनी गुंड, भांडण, घाबरलेला जीव, सुटका अशी सगळी कहाणीच लिहिली. इतक्या सहज आपल्याला हालचालीमागे मन दिसतं. ही सवय उपजत आहे आणि उपयोगाचीही आहे, कारण झुडूप हललं की वारा असेल म्हणून बसून राहणाऱ्यापेक्षा पळून जाणारा जास्त दिवस टिकतो. पण त्या त्रिकोणात गुंड नव्हता हो.

आता हे ऐकून दुसऱ्या बाजूचे लोक लगेच टाळ्या वाजवतात, बघा, धर्म मेंदूची करामत निघाली म्हणजे खोटा ठरला. तेही चूक. मोजण्याची जाणीव पण मेंदूतूनच येते, म्हणून दोन अधिक दोन चार हे खोटं ठरत नाही. एखादी समजूत कुठून आली आणि ती खरी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्हीची उत्तरं वेगवेगळी शोधावी लागतात. नैसर्गिक हा शब्द शिफारसपत्र नाही आणि माणसानं बनवलेलं ही शिवी नाही. साथीचे रोग नैसर्गिक, चष्मा माणसाचा. मिलचंही म्हणणं असंच होतं, जरा जास्तच तिखट, की ज्या कृत्यांबद्दल माणसांना फासावर चढवतात किंवा तुरुंगात टाकतात ती निसर्ग रोजच्या रोज करत असतो. आणि खरं सांगू, बऱ्याच श्रद्धाळू माणसांना आपला धर्म नैसर्गिक म्हटलेलं आवडणारही नाही, त्यांच्या मते तो निसर्गाच्या पलीकडून आलेला आहे.

प्रश्न : प्राण्यांना धर्म नसतो हे तरी नक्की ना?

उत्तर : आपल्यासारखा नाही. दोन गोष्टी मात्र ऐका. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये आठ भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळानं दाणे मिळतील अशी सोय केली, कबुतर काही करो न करो, वेळ झाली की दाणे. तरी आठातली सहा काहीतरी विधी केल्यासारखं वागायला लागली, एक उलटं गोल फिरायचं, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसायचं. स्किनरनं याला अंधश्रद्धा म्हटलं. १९७१ मध्ये दुसऱ्या दोघांनी प्रयोग परत करून पाहिला तेव्हा दाण्याची वेळ जवळ आली की बहुतेक कबुतरं सारखंच वागतात, टोचायलाच लागतात असं दिसलं, त्यामुळे अंधश्रद्धा हा शब्द जरा घाईचा होता. आणि २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेतले काही चिंपांझी ठरावीक झाडांवर दगड फेकतात आणि बुंध्याशी दगडांचा ढीग साचतो असं कॅमेऱ्यांत दिसलं. लगेच बातम्या झळकल्या, चिंपांझींचं देऊळ! अभ्यासकांचा एक अंदाज आवाज करून दरारा दाखवण्याचाही होता, पण आवाजाची बातमी कोण वाचतो. थोडक्यात कच्चा माल प्राण्यांत थोडाफार दिसतो, पक्का नाही.

प्रश्न : माझी १९ वर्षांची मुलगी म्हणते मी कुठलाच धर्म मानत नाही. घरचे म्हणतात हे अनैसर्गिक आहे, डॉक्टरला दाखवा. मी काय करू?

उत्तर : डॉक्टरला काय दाखवणार ताई, विचार? उपजत ओढ असणं म्हणजे सक्ती नव्हे. प्रौढपणी दूध पचणं बंद होणं ही माणसाची मूळ, नैसर्गिक अवस्था आहे, जगातल्या बहुसंख्य प्रौढांचं आजही तसंच आहे, आणि जनावरं पाळायला लागल्यावर गेल्या काही हजार वर्षांत काही समाजांत ते पचायला लागलं. म्हणजे माणसानं बनवलेल्या सवयीनं माणसाचं शरीरच बदललं. आता यातले नैसर्गिक कोण, पचतं ते की पचत नाही ते? तुमच्या घरातल्या वादाचंही तसंच आहे. ‘अनैसर्गिक’ हा शब्द घरात बहुतेक वेळा ‘मला आवडलं नाही’ या अर्थानं वापरतात, तर तेच सरळ म्हणावं, मुलीला निदान उत्तर तरी देता येईल. तुम्ही तिला तिची कारणं विचारा आणि शेवटपर्यंत ऐकून घ्या, मध्ये बोलू नका, मला माहितीय हे अवघड आहे.

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा विचारतो डोंगर कशासाठी आहेत. मी भूगोलातलं उत्तर दिलं, त्याला पटलं नाही. त्याला ‘कशासाठी’च हवंय.

उत्तर : त्याला हवंच असणार. डेबोरा केलेमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये मुलांना विचारलं होतं की दगड टोकदार का असतात. एक पर्याय होता वर्षानुवर्षं कण साचत गेले म्हणून, दुसरा होता प्राण्यांना खाज सुटली की अंग घासता यावं म्हणून. सात-आठ वर्षांच्या मुलांचा कल सरळ खाजेकडे. या वयात सगळं जग कुणीतरी कशासाठी तरी मांडून ठेवलंय असं वाटतं. भूगोल राहू द्या, वेळ आहे त्याला. आधी त्यालाच विचारा, तुला काय वाटतं, डोंगर कशासाठी असतील? आणि तो काय म्हणाला ते मला नक्की कळवा, पुढच्या अंकात छापतो.